प्राण्यांचा हिवाळा: वर्गात शिकवावा की तलावाकाठी?

खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागू लागली की नागपुरातील बालवाडी ते दुसरीच्या वर्गांत प्राणी थंडीत कसे तग धरतात हा विषय निघतो, आणि तो प्रयोगातून शिकवावा की सहलीतून, हे शिक्षकांना ठरवावे लागते.

प्रयोगाला तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, थोडा डालडा आणि बर्फाचे पाणी पुरते. एका पिशवीत दुसरी घालून मधल्या जागेत डालडा भरावा, मुलाने आतल्या पिशवीत हात घालून तो पाण्यात धरावा, आणि दुसरा हात नुसत्या पिशवीत धरावा. कातडीखालची चरबी ऊब कशी राखते हे पाच वर्षांच्या मुलालाही लगेच कळते. अडचण तक्त्यांची आहे. त्यांवर गुहेत झोपलेले अस्वल असते आणि मुले ‘अस्वल थंडीभर झोपते’ असे पाठ करतात. हिमालयातील तपकिरी अस्वलाबाबत ते खरे आहे. विदर्भातील अस्वलाला मात्र थंडीतही बोरे आणि वाळवी मिळत असल्याने ते हिंडत राहते. गोरेवाड्याच्या सफारीत जानेवारीत जागे अस्वल पाहिलेले मूल तक्त्यावर शंका घेईल, आणि ती रास्तच असेल.

सहलीत अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावावर तलवार बदक, थापट्या असे उत्तरेकडचे पाहुणे दाखवता येतात. तिकडे पाणी गोठून खाणे मिळेनासे होते म्हणून ते येतात, म्हणजे प्रश्न थंडीपेक्षा पोटाचा असतो, ही गोष्ट तक्त्यावरून क्वचितच उमगते. विदर्भात येणारा पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडतो. त्याची उड्डाणे सुमारे ७००० मीटर उंचीपर्यंत नोंदली गेली आहेत. मात्र दुर्बिणीविना बदक म्हणजे पाण्यावरचा ठिपका, आणि चार वर्षांच्या मुलाचे लक्ष त्याऐवजी काठावरच्या फुगेवाल्याकडे जाते.

म्हणून बालवाडीसाठी मी प्रयोगच निवडेन, पण तक्ता बाजूला ठेवून मुलांना सकाळी अंगणात नेईन: फांदीवर एकमेकांना खेटून पिसे फुलवून बसलेले सातभाई, वेटोळे करून झोपलेले कुत्रे, ऊन खात बसलेला सरडा. पहिली-दुसरीसाठी सहल सरस आहे. दहा मुलांमागे एक तरी दुर्बीण असावी आणि सहल संक्रांतीच्या सुमारास काढावी, कारण मार्च उजाडला की बदके परतू लागतात.