मुलांच्या सहलीचा डबा: दशम्या की धपाटे?

पहाटे सहाला घर सोडायचं असेल आणि घरात दोन-चार वर्षांचं मूल असेल, तर डब्यात काय न्यायचं हे आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं. बिस्किटं आणि चुरमुऱ्यांवर थोडा वेळ निभावतं, पण अकराच्या सुमारास मुलाला खरी भूक लागते आणि नेमकी तेव्हा गाडी घाटात असते. अशा वेळेसाठी आपल्याकडे दोन पदार्थ पिढ्यानपिढ्या चालत आलेत. दोन्ही शिदोरीचेच, तरी दोघांचा स्वभाव फार वेगळा आहे.

माझं मत आधीच सांगते. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल आणि दिवस गाडीत किंवा रेल्वेत जाणार असेल, तर दशम्या. मुक्कामी पोचून सतरंजी पसरून सगळे एकत्र जेवणार असाल, तर धपाटे. असं का म्हणते, ते आता बघू.

करायला कधी बसायचं?

बहुतेक घरांत निर्णय इथेच होतो. दशमीची कणीक पाण्याचा थेंबही न घालता दुधात मळतात. दोन वाट्या कणकेला दोन चमचे तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि पाऊण ते एक वाटी दूध. दुधाच्या स्निग्धतेमुळे ती गार झाल्यावरही मऊ राहते, म्हणून रात्री लाटून-भाजून ठेवली तरी सकाळी तशीच मिळते. मात्र दुधात मळलेला गोळा रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आंबतो. मळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लाटायला घ्या. दुधातल्या साखरेमुळे दशमी लवकर लाल होते, तेव्हा तवा पोळीपेक्षा थोडा कमी तापलेला हवा.

गुळाची दशमी करायची असेल तर चिरलेला गूळ कोमट दुधात विरघळवून, गाळून घ्या. दूध कडकडीत असेल तर गुळाने फाटण्याची भीती असते. गूळ विरघळला की पातळ होतो, म्हणून इथे दूध कमी लागतं, दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी पुरतं. ही तव्यावर आणखी पटकन करपते.

धपाट्यांचं उलट. दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी-अर्धी वाटी बेसन आणि कणीक, वर लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, ओवा, तीळ, हळद, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये बोटाने भोक पाडायचं, फडक्यासकट तव्यावर उलटायचं आणि फडकं अलगद सोडवायचं. थालीपिठाची भाजणी भाजलेल्या धान्यांची असते, इथे पिठं कच्चीच असतात, त्यामुळे मंद आचेवर झाकण ठेवून नीट शिजू द्यावी लागतात. एका धपाट्याला चार-पाच मिनिटं जातात. चार माणसांचे धपाटे म्हणजे पहाटेचा तास-सव्वा तास, आणि तेवढ्यात मूल जागं होऊन कडेवर आलं तर थापणार कोण? रात्री करून ठेवायचे तर ज्वारीला गव्हासारखी चिवटाई नसते. गार धपाटं कडक होतं आणि घडी घातली की तुटतं. गरम पाण्यात किंवा दह्यात मळल्याने बराच फरक पडतो, पण सकाळच्या ताज्या धपाट्याची सर येत नाही.

टिकण्याचा प्रश्न

थंडीत दशमी दोन दिवस सहज राहते. उन्हाळ्यात लहान मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर देऊ नये. धपाटे ज्या दिवशी केले त्याच दिवशी संपवायचे, आणि मे महिन्यात सोलापूर-मराठवाड्याकडे निघाला असाल तर दुपारच्या जेवणाच्या पुढे नेऊच नका. कांदा घरी खायच्या धपाट्यात कितीही छान लागला तरी सहलीच्या डब्यासाठी वगळा. त्याला पाणी सुटतं आणि काही तासांत वास येऊ लागतो. कोथिंबीर किंवा मेथी घालायची तर धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चिरा.

डबा भरताना दोन्हींना नियम एकच. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. गरम असताना झाकण लावलं तर वाफेचं पाणी होतं आणि तळाचे दोन-तीन चिकट होऊन वाया जातात.

मुलाच्या हातात

दशमीला तूप लावून सुरळी केली की दोन वर्षांचं मूल ती मुठीत धरून स्वतः खातं. सांडत नाही, ताटली लागत नाही, चमचा लागत नाही. पसरणीच्या घाटात ज्या मुलांना मळमळतं, त्यांना तेल-लसणाचा वास सोसत नाही, पण कोरड्या दशमीचा तुकडा बहुतेकदा चालतो. कान्हेरीच्या पायऱ्यांवर माकडं डब्यावर टपून असतात, तिथेही पिशवीतून एक सुरळी काढून झटकन हातात देता येते. मांडवी एक्सप्रेसमध्ये खायला पुष्कळ मिळतं, पण त्यातलं तिखट नसलेलं काय, हे शोधत बसण्यापेक्षा जवळची दशमी बरी.

धपाट्याची खरी अडचण मिरचीची आहे. मूल तिखट खात असलं तरी त्याची बोटं तिखटाची होतात, तीच बोटं डोळ्यांत जातात, आणि चालत्या गाडीत हात धुवायला पाणी कुठून आणणार? यावर उपाय आहे. वाटणात मिरची घालण्याआधी मुलांपुरतं पीठ बाजूला काढा आणि त्यांचे धपाटे वाटीच्या तोंडाएवढे छोटे थापा, म्हणजे डब्यात गल्लत होत नाही. लसूण, ओवा, तीळ राहू द्या, चव त्यांचीच असते.

सोबतीला शेंगदाण्याची चटणी दोन्हींबरोबर जाते, पण मुलांसाठी ती अगदी बारीक कुटलेली असावी. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊच नयेत, घशात अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला गुळाची दशमी नको, बिनगुळाची आणि बिनमिठाची करा. ज्या मुलाला दूध सोसत नाही त्याच्यासाठी प्रश्नच मिटला: पाण्यात मळलेले, दही न घातलेले धपाटे.

पोटात काय जातं?

या बाबतीत धपाटे वरचढ आहेत, हे मान्य करायलाच हवं. ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ एकत्र आल्यावर धान्य-डाळीचा मेळ बसतो, भाजी त्यातच जाते, मोठ्यांचंही पोट भरतं. बरोबर घट्ट दही असेल तर दुसरं काही लागत नाही. गुळाची दशमी मुलांना आवडते, पण गूळ म्हणजे शेवटी साखरच, आणि ती दातांना चिकटते. रोजच्या डब्यासाठी मी ती सुचवणार नाही. सहलीला मात्र मुलाने खाल्लं, हे जास्त मोलाचं. नव्या जागी, दंग्यात, झोप अर्धवट झालेली असताना पौष्टिक धपाटं डब्यात परत येण्यापेक्षा साधी दशमी पोटात गेलेली चांगली. राहिलेला सगळा समतोल घरी परतल्यावर वरण-भातात साधता येतो.

आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडं अशी आठ-दहा माणसं मिळून सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा धरणाकाठी जाणार असाल, तर धपाट्यांना पर्याय नाही. थापायला दोन हात जास्त मिळतात, दह्याचा डबा बर्फाच्या पिशवीत ठेवता येतो, आणि पोचल्यावर ऊन वाढायच्या आत जेवण होतं. त्याही दिवशी मुलांपुरत्या चार बिनगुळाच्या दशम्या वेगळ्या फडक्यात बांधा आणि ती पुरचुंडी डिकीत न टाकता पुढच्या सीटजवळ ठेवा. परतीच्या वाटेवर टोलनाक्याच्या रांगेत मागच्या सीटवरून "भूक लागली" असं आलंच, तर ती लगेच हाताशी सापडेल.