वन पीस: मंगा की ॲनिमे? काही महिने दोन्ही वापरल्यानंतरचं मत

'वन पीस'चा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघत होतो. ड्रेसरोझा आर्कच्या (आर्क म्हणजे कथेचा एक मोठा टप्पा) ऐन शेवटाला माझ्या स्ट्रीमिंग ॲपवर सबटायटल मागे पडायला लागले. पात्र बोलून मोकळं व्हायचं आणि ओळ चार सेकंदांनी उमटायची. कस्टमर केअरला लिहिलं, उत्तर आलं की ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. सबटायटल होते तसेच राहिले आणि वर 'कुठपर्यंत पाहिलं' ही नोंदच पुसली गेली. शेकडो एपिसोडच्या मालिकेत ती नोंद जाणं किती त्रासाचं आहे, हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. दुसऱ्यांदा तक्रार केली, तर पहिलंच उत्तर शब्दन् शब्द परत आलं. त्याच आठवड्यात पुढच्या महिन्याची वर्गणीही आपोआप कापली गेली. ती परत मागितली, नकार मिळाला. मग मी वर्गणी बंद केली आणि उरलेला ड्रेसरोझा मंगामध्ये, म्हणजे मूळ जपानी कॉमिकमध्ये, वाचायला घेतला. एका संध्याकाळीत संपला.

एवढी मोठी मालिका नव्याने सुरू करणाऱ्याने काय धरावं, याबद्दलचं माझं मत त्या संध्याकाळी पहिल्यांदा हललं आणि नंतर अजून दोनदा बदललं. पुढे थोडे स्पॉयलर आहेत.

मूळ माहिती सगळ्यांना असेलच. लेखक-चित्रकार एइचिरो ओडांचा मंगा जुलै 1997 पासून 'शोनेन जंप' साप्ताहिकात येतोय, तोएई स्टुडिओचा ॲनिमे ऑक्टोबर 1999 पासून. चॅप्टर आणि एपिसोड, दोन्हींनी अकराशेचा आकडा ओलांडलाय. म्हणजे चुकीच्या बाजूने सुरुवात केली तर आयुष्यातले बरेच तास जातात. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला हा मुद्दा फार लागतो, म्हणून आधी तोच.

ड्रेसरोझा मंगामध्ये 700 ते 801, म्हणजे 102 चॅप्टर. ॲनिमेमध्ये 629 ते 746, म्हणजे 118 एपिसोड. एका एपिसोडला पूर्ण एक चॅप्टरसुद्धा मिळत नाही. आता एक एपिसोड घड्याळ लावून बघा, मी बघितलाय. सुरुवातीचं गाणं अडीच मिनिटं. 2006 मध्ये शेवटचं गाणं काढून टाकलं आणि ओपनिंग लांबवलं, त्याचा हा परिणाम. त्यानंतर निवेदकाचं तेच ते प्रास्ताविक, मग मागच्या एपिसोडची उजळणी, आणि ती संपताना मागच्या वेळचं शेवटचं दृश्य पुन्हा पूर्णच्या पूर्ण. शेवटी पुढच्या भागाची झलक, तीही अशी की पुढे काय होणार ते बहुतेक सांगूनच टाकते. चोवीस मिनिटांतून हे सगळं वजा केलं की हातात सोळा-सतरा मिनिटं उरतात. आणि ओडांचा एक चॅप्टर साधारण सतरा पानांचा असतो.

एका पानाला एक मिनिट. हे गणित डोक्यात बसलं आणि मग मला ॲनिमे पूर्वीसारखा बघताच येईना. जे पान वाचायला वीस-पंचवीस सेकंद पुरतात, ते पडद्यावर मिनिटभर चालवायचं तर मध्ये काहीतरी भरावंच लागतं. भरतात ते चेहरे. खलनायक डोफ्लामिंगो एक वाक्य बोलतो. मग लुफीच्या बाजूने लढणाऱ्या लॉचा चकित चेहरा, मग खाली रस्त्यावरच्या लोकांचे चकित चेहरे, कोलोझियमच्या योद्ध्यांचे, नौदलाच्या सैनिकांचे, प्रत्येकाला स्वतंत्र शॉट आणि प्रत्येक शॉटला एक दचकल्याचा हुंकार. मंगामध्ये हे सगळे चेहरे एका अरुंद पॅनलमध्ये शेजारीशेजारी असतात आणि नजर त्यांच्यावरून सरकून पुढे जाते. त्याच आर्कमध्ये नायक लुफीची ताकद संपते आणि परत यायला दहा मिनिटं लागणार, असा प्रसंग आहे. कथेतली ती दहा मिनिटं ॲनिमे बघणाऱ्यांनी आठवड्यांमागून आठवडे काढली. मंगामध्ये तेच वाचताना मी खरोखर घाबरलो होतो, कारण तिथे वेळ कमी आहे हे जाणवतं.

यात काम करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ॲनिमे वर्षानुवर्षं दर आठवड्याला चालू राहिला. ओडा मात्र अधूनमधून सुट्टी घेतात आणि जंपचेही बिनअंकाचे आठवडे असतात. मंगाला गाठायचं नसेल तर दोनच वाटा: स्वतःची कथा घालायची, नाहीतर आहे ती ताणायची. नारुतो या दुसऱ्या मालिकेने पहिली वाट धरली आणि पहिल्या मालिकेच्या 220 एपिसोडपैकी शेवटचे ऐंशीहून जास्त जवळजवळ सगळे फिलर, म्हणजे मंगामध्ये नसलेली भर, झाले. ते निदान यादी बघून सोडून देता येतात. वन पीसने ताणायची वाट धरली, आणि ताणलेला एपिसोड सोडून देता येत नाही, कारण खरी कथा त्यातच कुठेतरी दोन मिनिटांत असते. म्हणून 'वन पीसमध्ये फिलर कमी आहे' ही शिफारस मला अजिबात पटत नाही. कमी आहे हे खरं, पण वेळ त्यापेक्षा जास्त जातो. शिवाय वर्गणी महिन्यावर असते. एपिसोड ताणले की महिने वाढतात, महिने वाढले की पैसे वाढतात.

स्वतः तोएईनेही हे एका अर्थी मान्य केलंय. ऑक्टोबर 2024 ते एप्रिल 2025 या काळात नवे एपिसोड थांबले होते, तेव्हा फिशमॅन आयलंडचा भाग पुन्हा संकलित करून दाखवला. मूळचे पन्नासहून जास्त एपिसोड त्यात 21 मध्ये बसवले. कथा कुठे तुटली नाही.

तर ड्रेसरोझा संपवल्यावर मी मंगा थेट पहिल्या चॅप्टरपासून वाचायला घेतला. जे बघून झालंय ते परत का वाचायचं, असं वाटत होतं, पण फार मिळालं. सगळ्यात मोठी भर म्हणजे कव्हर स्टोरी. चॅप्टरच्या पहिल्या पानावर एकेका चित्रातून चालणारी छोटी कथा असते: हरलेला खलनायक पुढे कुठे गेला, कोण कोणाला भेटलं. ॲनिमेने यातल्या बगी आणि कोबी-हेल्मेप्पो या पात्रांच्या कथा सुरुवातीला नीट दाखवल्या, पुढच्या बहुतेक सोडून दिल्या. आणि ओडा यातली पात्रं शेकडो चॅप्टरनंतर मुख्य कथेत आणून उभी करतात. ॲनिमे बघताना एखादं जुनं पात्र अचानक बदललेलं दिसलं की मी गोंधळायचो. वाचल्यावर कळलं की मधला सगळा प्रवास पहिल्या पानांवर होता. खंडांमध्ये ओडा वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात तो एसबीएस विभागही आहे. पात्रांचे वाढदिवस, वयं, लहानपणीची चित्रं, सगळं तिथे.

दुसरी गोष्ट मागे जाण्याची. लांब मालिकेत मध्ये खंड पडतोच. महिन्याभराने परतल्यावर मंगामध्ये दहा पानं मागे चाळली की धागा सापडतो. ॲनिमेमध्ये कुठल्या एपिसोडच्या कितव्या मिनिटाला काय होतं ते शोधत बसावं लागतं, आणि माझी तर नोंदच पुसलेली होती.

इथपर्यंत मी ठाम होतो: मंगाच घ्या, ॲनिमेकडे वळूही नका. मग अर्लाँग पार्क हा सुरुवातीचा आर्क आला.

चॅप्टर 81, एपिसोड 37. लुफीच्या टोळीतली नामी खांद्यावरच्या, खलनायक अर्लाँगच्या खुणेवर सुरी मारत सुटते, लुफी मागून येऊन तिचा हात धरतो. ती त्याला शिव्या देते, हाकलते, माती उडवते. मग मान वळवून मदत मागते. तो काही न बोलता आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, चार पावलं पुढे जातो आणि सगळा श्वास एकवटून होकार ओरडतो. मंगामध्ये ती ओरड मोठ्या पॅनलमध्ये फुटते आणि रस्त्याकडेला बसलेले टोळीतले झोरो, सांजी, उसोप उठतात. फार ताकदीचं पान आहे. पण मी दोन्ही समोरासमोर ठेवून पाहिलं, आणि मला ॲनिमे जास्त भिडला. टोपी ठेवल्यानंतर क्षणभर जी शांतता आहे ती कागदावर वाचक स्वतःच्या वेगाने ओलांडून जातो. इथे ॲनिमे आपल्याला थांबवतो, आणि थांबवायलाच हवं असतं. लुफीचा आवाज मायुमी तानाका यांचा आहे. त्या ओरडण्यात रागही आहे आणि मैत्रिणीबद्दलची काळजीही. या काळातला ॲनिमे ताणलेलाही नाही: पहिले शंभर चॅप्टर साठ-एक एपिसोडमध्ये बसतात, त्यातही थोडं फिलर धरून. म्हणजे पानाला मिनिटाचं जे गणित मी वर मांडलं ते सुरुवातीला लागूच होत नाही. वेग पुढे हळूहळू मंदावत जातो आणि ड्रेसरोझापर्यंत असह्य होतो.

मग टोळीतला संगीतकार ब्रूक. थ्रिलर बार्क आर्कच्या शेवटी त्याचा भूतकाळ येतो. विषाने मरत चाललेले खलाशी शेवटचं गाणं एकत्र वाजवत बसतात, एकेक जण गळत जातो, चौघं उरतात, तिघं, दोघं, आणि शेवटी एकटा ब्रूक पियानोवर. मंगामध्ये वाद्यं थांबल्याचं दिसतं, ॲनिमेमध्ये ऐकू येतं. सूर पातळ होत जातो आणि कोण गेलं हे बघायच्या आधी कानाला कळतं. मी ते पान दुसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा ती चाल माझ्या डोक्यात होती, कारण आधी ॲनिमे बघितला होता. ज्याने फक्त मंगा वाचलाय त्याच्यासाठी त्या पानावर नुसते शब्द आहेत. हे लक्षात आल्यावर मी 'ॲनिमेकडे वळू नका' हे वाक्य मागे घेतलं.

वानो या नंतरच्या आर्कने अजून एक गोष्ट शिकवली. ओडांची अलीकडची पानं फार गच्च असतात. ओनिगाशिमाच्या लढाईत एका पॅनलमध्ये दहा-बारा माणसं, त्यांचे संवाद, आवाजाची अक्षरं, मागे धूर, आणि सगळं काळ्यापांढऱ्यात. फोनवर वाचताना कोण कोणाला मारतंय हे कळायला मला पान मोठं करावं लागायचं. जोडपानाचं चित्र आलं की ॲप ते दोन तुकड्यांत दाखवायचं, म्हणून फोन आडवा करायचा, परत उभा करायचा. वाचायचं असेल तर टॅबलेटवर वाचा किंवा छापील खंड घ्या, फोनवर वानो वाचू नका. ॲनिमेचं चित्रण वानोपासून खूप सुधारलंय. चॅप्टर 1000 वर आधारलेला एपिसोड 1015, मेगुमी इशितानी यांनी दिग्दर्शित केलेला, हा मी चित्रपट बघावा तसा बघितला. एपिसोड 1071 मध्ये गिअर फाईव्ह, म्हणजे लुफीचं नवं रूप, येतं. मंगाच्या 1044व्या चॅप्टरमध्ये ते वाचलं तेव्हा कल्पना आवडली होती, पण लुफीचं ते रबरी, खिदळणारं, डोळे बाहेर येणारं रूप मुळात हलत्या चित्राचंच आहे. ते हलताना बघितल्यावरच मला ते पूर्ण कळलं. वेगाची तक्रार वानोतही कायम आहे. 149 चॅप्टरच्या आर्कला दोनशेच्या आसपास एपिसोड लागले.

तेव्हा आता माझं मत असं. कथेसाठी मंगा, पहिल्या चॅप्टरपासून सलग. प्रकाशक शुएइशाच्या मंगा प्लस ॲपवर सुरुवातीचे आणि ताजे काही चॅप्टर फुकट असतात, तेवढ्यात आपल्याला मालिका झेपते का ते कळतं. आणि प्रत्येक आर्क वाचून झाला की त्यातले तीन-चार एपिसोड निवडून ॲनिमेमध्ये बघायचे: नामीचा, ब्रूकचा, मरीनफोर्ड आर्कचा शेवट, 1015, 1071. फिलर असूनही जी-8 आर्क, एपिसोड 196 ते 206, पूर्ण बघाच. नौदलाच्या तळात अडकलेली टोळी तिथून कशी निसटते, एवढीच गोष्ट आहे, पण एकेका पात्राला इतकं नेमकं काम दिलंय की ही ओडांची कथा नाही हे विसरायला होतं. ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे त्यांनी एनीज लॉबी आर्कपर्यंत ॲनिमे बिनधास्त बघावा. तोवर जीव रमला असेल तर पुढे हातात मंगा घ्यावा.

हा सल्ला सगळ्याच मालिकांना लावू नका. डेमन स्लेयरचा मंगा 23 खंडांत संपलेला आहे, ॲनिमे सीझन घेत येतो आणि लढाया कागदापेक्षा पडद्यावर कितीतरी सरस आहेत, तिथे मी ॲनिमेच सुचवेन. फुलमेटल अल्केमिस्टचा 2009 चा 64 एपिसोडचा ॲनिमे मंगाशी प्रामाणिक आणि बेताचा आहे, तिथे निवड अवघड नाही. हंटर बाय हंटरचा 2011 चा ॲनिमे 148 एपिसोडचा, उत्तम आहे, पण कथा त्यापुढे मंगामध्येच आहे आणि तोही वरचेवर थांबतो.

वन पीससाठी परिस्थिती बदलतेय, हेही नोंदवतो. 2026 पासून ॲनिमे वर्षाला जास्तीत जास्त 26 एपिसोडचा, दोन टप्प्यांत, करायचं तोएईने जाहीर केलंय. एल्बाफ आर्क त्या पद्धतीने येणार. विट स्टुडिओ सुरुवातीपासून नवा ॲनिमे बनवतोय, त्याची घोषणा डिसेंबर 2023 मध्ये झाली होती. वेग खरोखर सुधारला तर वरचं अर्धं लिखाण मला आनंदाने बदलावं लागेल.

तोवर वर्गणी बंदच ठेवलीय. एल्बाफचा एक टप्पा पूर्ण येऊ देणार, मग एकाच महिन्याची वर्गणी भरून सलग बघणार, आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करणार.