पाच महिने आधी बुक केलेलं दिवेआगरचं रिट्रीट आणि गेलेले १,६७,००० रुपये

१,६७,००० रुपये गेले. त्यातले १,४३,००० कंपनीचे, २४,००० माझ्या पगारातले. पुण्यातल्या एका ४४ जणांच्या कंपनीत मी नऊ वर्षं ॲडमिन बघते. व्हेंडरची बिलं, बसचे ठेके, दिवाळीच्या भेटी, सगळं माझ्या हातून जातं आणि आजवर एका रुपयाचा घोळ झाला नव्हता. म्हणून इतके दिवस तोंड उघडलं नाही. आईला अजूनही सांगितलेलं नाही.

बनावट रिसॉर्टचा प्रकार तुम्हाला माहीत असेलच, मलाही होता. खऱ्या जागेचे फोटो उचलायचे, नकाशाच्या ॲपवर नंबर बदलून घ्यायचा आणि फोनवर गोड बोलायचं. पण यात अडकतात ते ३१ डिसेंबरला आयत्या वेळी खोली शोधणारे, असं मी धरून चालले होते. आमचं रिट्रीट, म्हणजे ऑफिसची सहल, ९ ते ११ जानेवारीला होतं आणि मी ४ ऑगस्टलाच कामाला लागले होते. मागच्या वेळी उशीर झाला, मनासारखी जागा मिळाली नाही, त्याची बोलणी मीच खाल्ली होती.

हे लवकर बुकिंग करणंच रिसॉर्टवाला म्हणून माझ्याशी फोनवर बोलणाऱ्या त्या भामट्याच्या पथ्यावर पडलं. आयत्या वेळी फसलेला माणूस दोन दिवसांत गेटवर जाऊन उभा राहतो, लगेच बोंब मारतो, पैसे खात्यात असतील तर अडवता येतात. मला कळलं चार महिन्यांनी. तारीख आधी ठरवा, जागा आधी बघा, पण मोठी रक्कम आधी देऊ नका.

दर माणशी ६,५००, दोन रात्री, जेवणखाण धरून. ४४ जणांचे २,८६,०००, निम्मे ॲडव्हान्स. खोल्या धरून ठेवायला ५,००० त्याच दिवशी यूपीआयने दिले. ७ ऑगस्टला उरलेले १,३८,००० एनईएफटीने पाठवले.

त्या ७ तारखेच्या दुपारवरून माझं मन अजून हलत नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. मी रोज बिलं तपासते, हे मला झोपेतही सांगता येईल. त्याच्या कोटेशनवरचा क्रमांक सुरू होत होता ०८ ने. ०८ म्हणजे राजस्थान, आणि दिवेआगर रायगड जिल्ह्यात. मी तो पोर्टलवर टाकून पाहिलाही होता! 'ॲक्टिव्ह' आलं, तेवढं बघून मी पान बंद केलं. त्याच्याच वर फर्मचं नाव होतं, कुठल्याशा मार्बलवाल्याचं. क्रमांक खरा होता, फक्त दुसऱ्याचा होता. 'ॲक्टिव्ह' बघून थांबू नका, नाव वाचा, पत्ता वाचा.

आणि पैसे पाठवताना बँकेच्या स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएसलाही ते दाखवण्याची सोय आहे. तिथे रिसॉर्टचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. मी फोन करून विचारलं. "ताई, मालकांच्या मेव्हण्यांचं खातं आहे, आमच्या करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे," असं तो म्हणाला. कोकणातले कितीतरी घरगुती रिसॉर्टवाले खरंच घरच्यांच्या खात्यावर पैसे घेतात, मी स्वतः असे दिलेले आहेत. त्यामुळे मला ते खटकलं नाही. खटकायला हवं होतं. ०८ आणि हे नाव, दोन्ही एकाच दुपारी माझ्या डोळ्यांसमोर होतं.

१८ सप्टेंबरला हॉल आणि साउंडची अनामत म्हणून त्याने २४,००० मागितले. सर परदेशात, मंजुरी अडकलेली. "त्याच तारखांना एक लग्नवाले हॉल मागतायत, ताई." मी माझ्या खात्यातून दिले. ऑफिसच्या कामाला स्वतःचे पैसे कधीही घालू नका, कितीही घाई असो.

डिसेंबरात जैन जेवणाचा आकडा कळवायला फोन केला तर नंबर बंद. व्हॉट्सॲपवर एकच टिक. १३ डिसेंबरला शनिवारी एका सहकाऱ्याला घेऊन ताम्हिणीतून थेट दिवेआगर गाठलं. रिसॉर्ट होतं, फोटोतला झोपाळासुद्धा होता. तिथल्या काकूंनी लांबडी वही उघडून जानेवारीचं पान आमच्यापुढे सरकवलं. ९, १०, ११ वर निळ्या पेनाने दुसऱ्याच कुणाचं नाव, पुढे 'साखरपुडा, ६० पानं'. काकू म्हणाल्या, "दिवाळीपासून असे आलेले तुम्ही तिसरे." त्यांनी कोकम सरबत दिलं, मला ते घशाखाली उतरेना. एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा! ऑगस्टमध्येच एक शनिवार काढला असता तर?

पुढचं तर संताप आणणारं आहे. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. फसवणूक कळल्यावर पहिल्या तासात तिथेच फोन करा, चौकीत नंतर जा. मी सोमवारी पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे ऑफिस ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथे म्हणे घटना दिवेआगरची. मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता झिरो एफआयआर घेता येतो. तर समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, वाचून आलात वाटतं." हो, आले वाचून, कारण तुम्ही सांगत नाही! चार फेऱ्या मारल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा संबंधित साहेब बंदोबस्तावर, एकदा नुसतं बाकावर अडीच तास. शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला, त्यावर शिक्का मारा म्हटलं तर त्यालाही कुरकुर. एकाने तर विचारलं, "शिकलेल्या असून कशा काय फसता?" मी तिथे फसल्याची तक्रार द्यायला गेले होते, परीक्षा द्यायला नाही.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी टाकून केलाय, सबब आमची जबाबदारी नाही. समोरच्या खात्यात गोठवलेली रक्कम निघाली ३,१४० रुपये. ती सोडवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. खातं उघडताना त्या माणसाची कागदपत्रं कुणी तपासली, हे मी तीनदा लेखी विचारलं. उत्तर नाही.

सरांनी पगारातून काही कापलं नाही, पण आता प्रत्येक पेमेंटला दुसऱ्याची सही लागते आणि अकाउंट्सच्या शीटमध्ये ती १,४३,००० ची ओळ लाल रंगात आहे. महिनाअखेरीला सगळ्यांसमोर ती शीट उघडते.

कुणाकडे दिवेआगरचं कोटेशन आलं असेल तर आत्ता उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं नारळाचं झाड, जीएसटी क्रमांक ०८ ने सुरू आणि दर माणशी ६,५००, असं असेल तर पैसे थांबवा. दिले असतील तर हे वाचणं सोडा आणि १९३० लावा.