आठ महिन्यांनंतर: १९४४ चं ‘ब्रिटिश आर्मी’ घड्याळ, जे रात्रभर चमकतं

आधीच सांगून टाकतो, घड्याळ वेळ नीट दाखवतं. माझी तक्रार वेगळीच आहे. ते अंधारात चमकतं.

ऑनलाइन घेतलं, २,६०० रुपयांना. कुरिअरचे १२० वेगळे. काळी डायल, पांढरे आकडे, बाराच्या खाली ब्रिटिश सरकारी मालावर असणारा तो प्रसिद्ध बाण, सहाच्या वर बारीक अक्षरांत ‘मिलिटरी’. मागच्या झाकणावर तीन डब्ल्यू, एक नंबर आणि १९४४. हा नाद असलेल्यांना तीन डब्ल्यूचा अर्थ सांगायला नको: वॉच, रिस्टलेट, वॉटरप्रूफ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला ब्रिटिश लष्कराने बारा कंपन्यांकडून घेतलेली ती घड्याळं, ज्यांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. ओमेगा, लाँजिन्स, सायमा, टिमॉर, व्हर्टेक्स वगैरे. ग्राना सगळ्यात दुर्मीळ. त्यातलं साधं टिमॉरसुद्धा आज लाखाच्या आसपास जातं. मग २,६०० रुपयांत मला काय मिळणार होतं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला नव्हता पडला. विकणाऱ्याला किंमत कळलेली नाही आणि मला कळली आहे, या आनंदात मी पैसे भरले.

पहिले दोन महिने मजेत गेले. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चावी द्यायची, दिवसाला मिनिट-दीड मिनिट पुढे जायचं, एवढं चालतं. ऑफिसात दोघांनी विचारलं, मी महायुद्धावर छोटं भाषण दिलं. रात्री लाइट गेले की आकडे हिरवट पेटायचे. पहाटे तीनला उठलो तरी वेळ लख्ख दिसायची. बायको म्हणाली, “अरे, हे काय रिक्षाच्या मागचं रेडियम लावून घेतलंयस?” मी म्हटलं, रेडियमच आहे ते, खरं, त्या काळचं. इथपर्यंतचा अनुभव तेव्हाच लिहून ठेवला होता आणि चार तारे द्यायचे ठरवले होते.

मग पाचव्या महिन्यात एका सकाळी चावी देताना चावीच हातात आली. आतली दांडी मोडलेली.

दादरला जिन्याखाली एक काका बसतात, टेबलाएवढं दुकान. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि काही न बोलता घड्याळ माझ्याकडे फिरवलं. मशीनवर कोरलं होतं: एचएमटी.

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळुरूत सुरू झाला १९६१ मध्ये, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. म्हणजे १९४४ सालच्या या सैनिकाने सतरा वर्षं पुढचं मशीन वापरलं होतं. काका म्हणाले, “मशीन चांगलं आहे हो. डायल मारलेली आहे.”

‘मारलेली’ म्हणजे जुनी डायल घासून काढायची, नवा रंग द्यायचा आणि वर हवं ते छापायचं. परदेशातले संग्राहक असल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आमच्या शहराच्या नावावर शिवी पडावी याचा मला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. कारण भिंगातून पाहिल्यावर सगळं समोरच होतं. आकड्यांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या रेघा एकीकडे जाड एकीकडे बारीक, बाणाची टोकं अशी जाड की जणू खिळ्याने ओढलेली. आणि ‘मिलिटरी’! तीन डब्ल्यूच्या डायलवर कंपनीचं नाव आणि बाण असतो, बस्स. साडीच्या पदरावर ‘साडी’ असं कोणी विणत नाही. शिवाय त्या घड्याळांचा सेकंद काटा सहाच्या जागी छोट्या वर्तुळात फिरतो. माझा मोठ्ठा, मधोमध. बहुतेकांना पट्ट्याची आडवी दांडी कायमची बसवलेली असते; माझ्याला साध्या स्प्रिंगच्या पिना. बहुतेक माल लष्कराला मिळाला तोच १९४५ मध्ये. हे सगळं मी घेण्याआधी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि दिसलेलं यांची गाठ पडली नाही, एवढंच.

पण मला रात्री झोपू देत नाही ती चमक. शब्दशः.

आपण चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो, नंबरप्लेटवरच्या स्टिकरलासुद्धा. खरं रेडियम त्या काळच्या डायलवर जस्ताच्या एका संयुगात, झिंक सल्फाइडमध्ये कालवून लावलेलं असे. रेडियमच्या किरणांचा मारा झाला की ते संयुग उजळतं. गंमत अशी की रेडियमचं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १,६०० वर्षांचं, पण सतत मार खाऊन जस्ताचं संयुगच काही वर्षांत संपतं. म्हणजे खरी महायुद्धकाळातली डायल आज अंधारात मेलेली असते, रंग चहाच्या डागासारखा झालेला. किरणोत्सर्ग मात्र असतोच, म्हणून ती उघडून खरवडायची नसते. नंतर रेडियमच्या जागी आलं ट्रिटियम, तेही किरणोत्सर्गीच, त्याचं अर्धआयुष्य साधारण १२.३ वर्षं, तेही आता थकलेलं. टॉर्च मारून बंद केली की जुनी डायल एक तर काहीच करत नाही, नाही तर क्षणभर उजळून विझते. टॉर्च मारल्यावर पहाटेपर्यंत जळत राहणारा रंग म्हणजे स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा, आणि तो जपानच्या नेमोतो कंपनीने आणला १९९३ मध्ये.

थोडक्यात, झाकण १९४४ सांगतं, मशीन १९६१ नंतरचं, रंग १९९३ नंतरचा. एका मनगटावर तीन जन्मतारखा. आधार कार्डातही एवढी गडबड नसते.

इथे थोडं मागे यायला हवं, नाही तर कोणी तरी टोकेलच. बदललेली डायल म्हणजे लबाडीच असं नाही. ब्रिटिश संरक्षण खात्यानेच पुढे रेडियमच्या कित्येक डायली काढून ट्रिटियमच्या बसवल्या. वर्तुळात ‘टी’ असलेली डायल दिसली तर ती त्यातली. संग्राहकही काट्यांत नवा रंग भरून घेतात. तेव्हा चमक हा एकटा पुरावा नव्हे. मान्य. तरीही कोणी मला आता जुनं सैनिकी घड्याळ दाखवलं तर मी पहिल्यांदा ते घड्याळ कपाटात नेऊन दार लावणार आहे.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “सर, विंटेज है, ऐसा ही आता है.” एचएमटीचं विचारलं तर म्हणाला, ब्रिटिश आर्मी हे डायलच्या डिझाइनचं नाव आहे. १९४४ चं विचारलं तर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि माणूस गेला. परत घेणं नाही, कारण जाहिरातीत तसं लिहिलं होतं, अगदी तळाला.

त्या रागात मी त्याच्या बाकीच्या जाहिराती चाळल्या. आणखी दोन ‘१९४४’ विक्रीला होती, एक तांबूस डायलचं, एक पांढऱ्या. दोन्हींच्या झाकणांचे फोटो मोठे करून पाहिले. नंबर तोच. माझ्या झाकणावरचा, आकडा न आकडा. सातचा पाय जिथे घसरलाय तिथेसुद्धा घसरलेला. तेव्हा एक फुकटचा उपाय: पैसे देण्याआधी झाकणाचा फोटो मागा आणि त्याच माणसाच्या बाकीच्या मालाशी नंबर लावून बघा. भिंगही लागत नाही.

खर्चाचा हिशोब: घड्याळ, कुरिअर, दांडी आणि सर्व्हिसिंगचे ५०० मिळून ३,२२० रुपये. आठ महिन्यांचे दिवसाला साधारण तेरा रुपये पडले. वडापावपेक्षा स्वस्त, असं मी घरी सांगितलं आहे. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला जेमतेम वीस सेकंद पुढे जातं, हे मात्र कौतुकाचं. तीन तारे देतो; ते तिन्ही बंगळुरूच्या मशीनचे.

परवा काकांकडे पट्टा बदलायला गेलो होतो. म्हणाले, “मशीन काढून द्या, आठशे देतो, एका पायलटला हवंय.” पायलट म्हणजे एचएमटीचं पायलट नावाचं घड्याळ, हे कळायला मला क्षण लागला. विचार करतोय. डायलचं विचारलं तर म्हणाले, ती तुम्हीच ठेवा, रात्री बाथरूमला जाताना उपयोगी पडेल.