ओसीआय कार्डाचं परीक्षण: आजन्म व्हिसा म्हणून चोख, त्यापुढच्या अपेक्षा जपून

परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं. आपलं संविधान दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग आईवडिलांना भेटायला, पुण्यातला फ्लॅट विकायला, पोरांना आजोळी आणायला दर वेळी व्हिसा काढावा लागतो. त्यावरचा सरकारी तोडगा म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, ऊर्फ ओसीआय. योजना २००५ सालची. भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं जुनं पीआयओ कार्ड ९ जानेवारी २०१५ रोजी त्यात विलीन झालं.

निकाल आधीच सांगायचा तर कितीही वेळा येण्याजाण्याचा आणि कितीही दिवस राहण्याचा परवाना म्हणून याला तोड नाही. मत देण्याचा हक्क, मेडिकलची जागा, किंवा 'आता आपल्याला कुणी हात लावू शकत नाही' अशी निश्चिंती हवी असेल, तर मात्र हे कार्ड तोकडं पडतं.

पैशांचा हिशेब असा. परदेशातून पहिल्यांदा अर्ज केला तर २७५ डॉलर किंवा तेवढं स्थानिक चलन, भारतात राहून केला तर १५,००० रुपये. अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क, नोटरी आणि कुरिअर यांचा खर्च वेगळा. चौघांच्या कुटुंबाला नुसती सरकारी फीच ११०० डॉलर पडते. उलट पाच वर्षांचा ई-टूरिस्ट व्हिसा बहुतेक देशांच्या नागरिकांना ८० डॉलरला मिळतो. म्हणजे निव्वळ फीच्या हिशेबाने कार्ड वसूल व्हायला सतरा वर्षं लागतात. पण ई-व्हिसावर वर्षाला १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही आणि नोकरीधंदाही करता येत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा तीन आठवडे येणाऱ्याला ई-व्हिसा पुरतो. घरी म्हातारं माणूस असेल, मालमत्ता असेल किंवा इथे येऊन काम करायचा विचार असेल, तर कार्डाला पर्याय नाही.

कार्डामुळे पदरात पडतं ते बऱ्यापैकी आहे. किती महिने राहिलात तरी परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. देशांतर्गत विमानभाडं आणि राष्ट्रीय उद्यानं, स्मारकं यांची प्रवेशफी भारतीयांइतकीच. अजिंठा-वेरूळला परदेशी पाहुण्याला ६०० रुपये मोजावे लागतात, तिथे कार्डधारकाला ४० लागतात. (खिडकीवर कार्ड दाखवावं लागतं; नुसतं मराठीत बोलून भागत नाही.) डॉक्टर, नर्स, वकील, आर्किटेक्ट, सीए यांना अनिवासी भारतीयांप्रमाणे व्यवसाय करता येतो, अर्थात त्या त्या परिषदेच्या नियमांत राहून.

मालमत्तेच्या बाबतीत लोक हमखास फसतात. फ्लॅट, दुकान, ऑफिस घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे विकत घेता येत नाहीत. 'वडील शेतकरी आहेत, सातबारा आहे, मग घेता येईल' हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं ही अट वेगळी, आणि परकीय चलन कायद्याची मनाई वेगळी. पहिली पूर्ण केली म्हणून दुसरी उठत नाही. वारसाहक्काने आलेली शेती मात्र ठेवता येते, आणि वारसनोंद वेळेत करून फेरफार पडला की नाही हे पाहणं आपलं काम. विकताना ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. शेतजमीन बक्षीसपत्राने घेता येत नाही. त्यामुळे 'आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू' म्हणणाऱ्या वडिलांना वकिलाकडे घेऊन जा, आणि तेही दस्त नोंदवण्याच्या आधी.

आता कमतरता. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. अनिवासी भारतीय, म्हणजे पासपोर्ट अजून भारताचाच असलेला माणूस, मतदारयादीत नाव घालून आपल्या गावी येऊन मत देऊ शकतो. ओसीआयवाल्याला तेवढंही नाही.

४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने आणखी काही दारं अर्धी लावली. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार, तबलीगचं काम, गिर्यारोहण आणि भारतातल्या परदेशी दूतावासांत काम यांसाठी आधी परवानगी लागते. संरक्षित भागांत जाण्याचंही तसंच. परवानगी एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडून किंवा परदेशातल्या भारतीय वकिलातीकडून घ्यावी लागते. अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएचडी करणारी मराठी मुलगी मराठवाड्यातल्या पाणीप्रश्नावर क्षेत्रकाम करणार असेल, तर नुसतं कार्ड घेऊन गावात उतरणं धोक्याचं. तिने वेळापत्रकात या परवानगीसाठी जागा ठेवावी.

त्याच अधिसूचनेने शिक्षणाचाही पाट बदलला. नीट आणि जेईई देता येते, पण प्रवेश मिळतो तो अनिवासी किंवा अतिरिक्त जागांवरच, म्हणजे फीही त्याच हिशेबाची. भारतात वाढलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या ओसीआय मुलांना हे जड गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२३ च्या निकालानुसार नवा नियम पुढच्यांनाच लागू. ४ मार्च २०२१ च्या आधी ओसीआय झालेल्यांचा सर्वसाधारण जागांसाठीचा जुना हक्क शाबूत. म्हणून मुलाच्या कार्डावरची नोंदणीची तारीख बघा. बाळ परदेशात जन्मलं आणि कुटुंब परतलं, अशा घरांत या एका तारखेने लाखो रुपयांचा फरक पडतो.

सगळ्यात बोचणारी गोष्ट ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेची. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर नोंदणी रद्द होऊ शकते, हे समजण्यासारखं आहे. पण सात वर्षं किंवा अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरी तीच तलवार. खटल्याचा निकाल लागेपर्यंत आपल्याकडे किती वर्षं जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊबंदकीचे जमिनीचे वाद आपल्याकडे फौजदारीत जायला वेळ लागत नाही, आणि परदेशातला हिस्सेदार त्यात सहज ओढला जातो. या एका कलमासाठी आमच्या मते पूर्ण एक तारा कापायला हवा.

अर्जाकडे येऊ. काम दोन टप्प्यांचं: सरकारी संकेतस्थळावर भाग अ आणि भाग ब भरायचा, फोटो, सही, कागद चढवायचे, मग छापील प्रत आणि कागद वकिलातीत किंवा तिने नेमलेल्या केंद्रात द्यायचे. मे २०२५ मध्ये नवं संकेतस्थळ आलं. अर्धवट अर्ज जपून ठेवणं आणि भरलेलं तपासणं आता सोपं झालंय.

अर्ज अडकतात ते बहुतेक नावांवरून, आणि त्यात मराठी नावं पुढे. भारतीय पासपोर्टवर आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो. परदेशी नागरिकत्व घेताना ते मधलं नाव कुणी गाळतं, कुणी त्याचं एक अक्षर करतं. लग्नानंतर बाईचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही बदलतात. नियम सरळ आहे: अर्जात नाव परदेशी पासपोर्टवर जसं आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको. जुन्या भारतीय पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर त्या दोन नावांना जोडणारा कागद हवा: लग्नाचा दाखला, कोर्टाचा आदेश किंवा राजपत्रातली नोंद. आईवडिलांच्या नावांची स्पेलिंगंही मुलाच्या जन्मदाखल्याशी ताडून पाहा. 'दीक्षित'ची दोन स्पेलिंगं घरात नांदत असतील, तर केंद्रावरचा माणूस अर्ज परत करणार हे धरून चाला.

जन्मदाखल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पूर्वी बाळाचं बारसं व्हायच्या आधीच जन्म नोंदला जाई आणि नावाचा रकाना कोरा राही. असा दाखला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी नाव घालून घ्या. हे काम परदेशातून होत नाही. घरच्या कुणाला तरी खेपा घालाव्या लागतात. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

फोटो चौकोनी, ५१ बाय ५१ मिलिमीटर. इथे दोन चुका नेहमीच्या. पासपोर्टचा उभा फोटो ताणून चौकोनी केला की चेहरा रुंद दिसतो आणि अर्ज परत येतो. सहीची प्रतिमा तीनास एक प्रमाणात आडवी लागते. लफ्फेदार सही चौकटीच्या कडेला लागली तरी नाकारतात. काळ्या पेनाने, मध्यभागी, आटोपशीर करा. तान्ह्या बाळाचा अंगठा चालतो. आईवडिलांनी बाळाच्या वतीने सही ठोकू नये.

कागदांत सध्याचा परदेशी पासपोर्ट निदान सहा महिने मुदतीचा हवा. रद्द झालेला भारतीय पासपोर्ट आणि नागरिकत्व सोडल्याचा दाखला लागतो. हा दाखला न काढता थेट ओसीआयला धावणारे पुष्कळ. आधी दाखला, मग कार्ड. नागरिकत्व बदलल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला असेल तर दंडही बसतो. लहान मुलाच्या अर्जाला आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. भारतात अर्ज करणाऱ्याने परदेशी दाखल्यांवर तिथूनच अपॉस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का, करून आणावं, कारण तो शिक्का इथे मिळत नाही. जोडीदार म्हणून अर्ज असेल तर लग्न नोंदलेलं आणि दोन वर्षं टिकलेलं असावं, आणि घटस्फोट झाला की हे कार्ड जातं. अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर दार बंद.

गोव्याची गोष्ट निराळी. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशांतली माणसं आणि त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं पात्र ठरतात. पोर्तुगालचे पंतप्रधान असताना आंतोनियु कॉश्ता यांना २०१७ मध्ये लिस्बनमध्ये हे कार्ड भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते मिळालं; त्यांचं घराणं मडगावचं. आज ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या सामान्य गोंयकाराला मात्र पासपोर्ट समर्पणाच्या दाखल्यावरून बराच काळ अडवलं जाई. २०२४ पासून अशांच्या बाबतीत पासपोर्ट रद्द केल्याचं पत्रही चालतं.

एरवी पात्रता पतवंडांपर्यंत, म्हणजे चौथ्या पिढीपर्यंत थांबते. पण हे कार्ड आता राजनैतिक भेटवस्तूही झालं आहे. १८७३ साली भारतीय मजुरांचं पहिलं जहाज पोचलेल्या सुरीनामला जून २०२३ मध्ये सहाव्या पिढीपर्यंत सवलत जाहीर झाली, मार्च २०२४ मध्ये मॉरिशसला सातव्या पिढीपर्यंत, त्यानंतर त्रिनिदादला सहाव्या. सुमारे साडेतीन कोटींच्या भारतीय समाजाचं परदेशांतलं वजन सरकारला कळू लागलं आहे, ते असं. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी घरांची वस्ती आहे. त्यांची अडचण पुराव्याची असते, कारण सहा पिढ्यांपूर्वीचा पासपोर्ट कुणाकडे असणार? तिथे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. आलेल्या माणसाचा क्रमांक, जहाज आणि गाव सापडलं की तिथपासून आजपर्यंतच्या प्रत्येक पिढीचे जन्म-लग्नाचे दाखले साखळीसारखे जोडायचे. मधली एक कडी निसटली तर सगळं अडतं. आडनावं तिथल्या कारकुनांच्या कानांप्रमाणे बदललेली असतात, त्यामुळे शोध नावापेक्षा क्रमांकाने घ्यावा.

कार्ड मिळाल्यावरचा सर्वांत मोठा गोंधळ नव्या पासपोर्टाचा. एप्रिल २०२१ पासून नियम सुटसुटीत झाला, तरी एजंट अजून जुन्या नियमावर पैसे काढतात. वयाच्या वीस वर्षांच्या आत कार्ड घेतलं असेल तर विसाव्या वर्षानंतरच्या पहिल्या पासपोर्टावर एकदाच नवं कार्ड काढायचं. फी २५ डॉलर, भारतात १४०० रुपये. विशीनंतर पहिल्यांदा कार्ड घेतलेल्याला पुन्हा काढायची गरज नाही. बाकी वेळी, म्हणजे वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टावर आणि पन्नाशीनंतर एकदा, पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांत संकेतस्थळावर चढवायचा. ते फुकट आहे. परदेशी जोडीदाराने मात्र दर नव्या पासपोर्टाला हे करायचं. कार्ड हरवलं तर १०० डॉलर किंवा ५५०० रुपये.

जुना पासपोर्ट सोबत ठेवण्याची सक्ती २०२१ मध्ये गेली. तरी कार्डावर जुना क्रमांक असेल तर तो बॅगेत असू द्या. भारतातला इमिग्रेशन अधिकारी नियम जाणतो. परदेशातल्या विमानतळावर पहाटे चेक-इनला बसलेला कर्मचारी जाणतोच असं नाही, आणि विमानात चढू द्यायचं की नाही हे त्याच्या हातात असतं. मुंबईसह मोठ्या विमानतळांवर जलद इमिग्रेशनची ई-गेट आता ओसीआयवाल्यांनाही खुली आहेत. त्यासाठी ऑनलाइन नाव आधी नोंदवावं लागतं.

आमचे गुण: प्रवासासाठी पाचपैकी पाच, मालमत्तेसाठी साडेतीन, हक्क म्हणून दोन. हातात आलेलं पुस्तिकेसारखं कार्ड केंद्राच्या दारातच उघडून नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तपासा. भारतात मुक्काम ठोकणार असाल तर कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यावर एफआरआरओला कळवा. सहा महिन्यांत पासपोर्ट संपणार असेल तर आधी तो नवा करा, मगच कार्डासाठी अर्ज करा.