आखाड्यावरची फुकटची छत्री आणि साध्या वेशातले पोलीस

डीडी फ्री डिश, म्हणजे रिचार्ज न लागणारी टीव्हीची सरकारी छत्री, घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "तुमच्या डीपीला, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला, मोटारीची लाईट दिवसाची का रात्रीची?" दिवसाची असली तर तुमचं तुम्ही ठरवा. रात्रीची असली तर घेऊनच टाका. गव्हाला पाणी द्यायचं म्हणून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, यायचं, आणि मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट कधी बाराला येणार, कधी दीडला. तोवर सिंगल फेजवर टीव्ही तरी चालतो. मोबाईलचं नाव काढू नका. आमच्या शिवारात रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते, आणि थंडीत तिथं उभं राहून पिक्चर बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

बॉक्स, छत्री, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून दोन हजारांच्या आत भागलं. पुढं रिचार्जची भानगड नाही. प्रसार भारतीची ही सेवा २००४ सालापासून चालू आहे आणि खेड्यात ती टिकली ती रिचार्ज नसल्यामुळंच. बातम्या लागतात, शेतीचे कार्यक्रम लागतात, भजन-कीर्तन लागतं. पण मी ही छत्री बसवली ती त्यासाठी नाही. रात्री अकरानंतर दक्षिणेतले हिंदी डब केलेले पोलिसी पिक्चर लागतात, त्यातल्या एका जातीसाठी बसवली. हीरो गुंडाच्या टोळीत शिरलेला, दाढी वाढवलेला, पोलिसांचाच मार खाणारा, आणि शेवटी निघतो पोलीसच. पैसा बेताचा आणि हीरोचं तोंड कधी न बघितलेलं, असा पिक्चर असला की माझी झोप उडते.

बेताचा पैसा लगेच ओळखू येतो. कमिशनरचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक नकाशा आणि टेबलावर झेंडा. मारामारी खडी क्रशरवर, नाहीतर अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीत. उडवायची गाडी आधीच भंगारातली, तिला नंबर प्लेटसुद्धा नसते. वर्दी शेवटच्या सीनला एकदाच दिसते आणि तिच्यावरच्या घड्या सांगतात की ती आत्ताच पाकिटातून काढलीय. पण गंमत बघा, वेश बदललेल्या पोलिसाच्या गोष्टीला पैसा लागतच नाही. फौजफाटा नको, ताफा नको, गर्दी नको. एका टेबलावर चार माणसं दारू पीत बसलीत, त्यातला एक पोलीस आहे, आणि बॉस म्हणतो, "आपल्यात कुणीतरी फुटलंय." बास. हा सीन चहाच्या टपरीवर घेतला तरी हातातला पेला हातातच राहतो.

माझा भाचा सेलूला खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो. सुट्टीला आला की आखाड्यावरच झोपतो. त्याच्या भरतीत मैदानी ५० गुण असतात. १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. त्यामुळं हीरो पळायला लागला की ह्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. "मामा, ह्याला सोळाशेला वीसातले पाच बी पडणार न्हाईत. पोट बघा की त्याचं." पिक्चर बंद करू का म्हणलं तर मात्र रिमोट देत नाही.

त्याला हे पिक्चर कामून आवडतात ते मला त्याच्याकडं बघूनच कळलं. त्याच्या वयाचं पोरगं पारावर दिसलं की येणारा-जाणारा हटकून विचारतो, "काय करायलास रे सध्या?" तयारी करतो म्हणलं की समोरचा "बरं बरं" म्हणतो आणि त्या "बरं बरं"मध्ये सगळं येतं. ह्या पिक्चरमधला हीरो दोन तास तेच ऐकत असतो. बाप घरात घेत नाही, गल्लीतल्या बाया पोरींना आत ओढतात, फौजदार कानाखाली मारतो. उत्तर त्याच्याकडं आहे, पण देता येत नाही. एका साहेबाच्या कपाटात त्याची फाईल कुलपात आहे आणि ते फक्त त्या साहेबाला माहीत आहे. (तो साहेब इंटरवलनंतर मरतो. सेवेची चार वर्षं उरलीत असं तो बोलला की मी भाच्याला सांगतो, ह्याचं काही खरं नाही.) मग शेवटी कडक सॅल्यूट, आणि बापाचं तोंड. मोठ्या पिक्चरमध्ये त्या वेळी हेलिकॉप्टर येतं. आमच्या पिक्चरमध्ये नुसता बापाचा चेहरा असतो, आणि मला तोच बरा वाटतो.

काही पिक्चर हीरो पोलीस आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतात. मला दाबून ठेवणारे आवडतात, आणि तिथंच मोठा स्टार आडवा येतो. महेश बाबूचा तेलुगू 'पोकिरी' २००६ साली आला, त्यावरून तमिळ झाला, मग २००९ साली सलमानचा 'वाँटेड'. गोष्ट तीच, डॉन तिन्हीकडं प्रकाश राजच. पण सलमान गुंड असेल यावर आपल्याकडं शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का? मी तेलुगूवाला डब केलेला बघितला तेव्हा महेश बाबू कोण हे माहीत नव्हतं, म्हणून शेवटी तो आयपीएस निघाला तेव्हा मी खाटेवर उठून बसलो. अनोळखी चेहरा हीच ह्या पिक्चरांची खरी कमाई आहे.

ओळखीचे चेहरे असतात ते बाजूला. 'पोकिरी'त आपले सयाजी शिंदे कमिशनर आहेत आणि लाचखाऊ फौजदार आशिष विद्यार्थी. ह्याच विद्यार्थींना १९९४ च्या 'द्रोहकाल'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गोविंद निहलानींचा तो पिक्चरही टोळीत घुसवलेल्या पोलिसांचाच. तिथं तो अतिरेक्यांचा म्होरक्या आहे आणि खुर्चीत नुसता बसूनही घाम फोडतो. रात्री दीड वाजता ढिशुम ढिशुममध्ये असा नट अचानक समोर येतो, हा ह्या चॅनेलांचा न मागता मिळणारा फायदा.

आता खटकतं ते. पोरीच्या मागं मागं फिरणं अजूनही विनोद म्हणून दाखवतात, भाचा शेजारी असला की मला अवघडल्यासारखं होतं. कोठडीत संशयिताला उलटं टांगून मारलं की संगीत असं वाजतं जसं काही पुण्यच घडलंय. उद्या ह्याच पोरानं वर्दी घालायची आहे. मी एकदा बोललोही त्याला, तर म्हणला, "मामा, कळतंय मला." बरंय म्हणलं. गाण्यांबद्दल तक्रार नाही, तेवढ्यात विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा) बघून येता येतो. जाहिराती मात्र फार. बॉक्सवर जागा मिळवायला चॅनेलवाले लिलावात पैसे मोजतात, ते आपल्याकडून नाहीतर जाहिरातीतूनच काढणार. सव्वादोन तासांचा पिक्चर साडेतीन तास चालतो. रात्रपाळीला तेही सोयीचंच आहे म्हणा.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. बॉक्स एमपेग-४ चाच, म्हणजे नव्या पद्धतीचाच मागा. जुना एमपेग-२ चा स्वस्तात गळ्यात मारतात आणि मग बरीच चॅनेलं दिसत नाहीत. छत्रीचं तोंड जीसॅट-१५ उपग्रहाकडं करावं लागतं आणि तो आपल्याकडून आग्नेयेला येतो, त्या बाजूला लिंबाचं झाड असेल तर छत्री दुसऱ्या कोपऱ्यात लावा. जोराच्या पावसात चित्र फुटणारच, बसवणाऱ्याला शिव्या देऊ नका. आणि रिमोट पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आखाड्यावरच्या धुळीनं आधी आवाजाचं बटण जातं, आणि खडी क्रशरवरची मारामारी सुरू झाली की तेच लागतं, नाहीतर शेजारच्या आखाड्यावरची कुत्री रात्रभर गप बसत नाहीत.