आईचा डेक्सा स्कॅन आणि रोज तपासलं जाणारं मशीन

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे स्कॅन. त्यातला आईचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला घनतेचा आकडा) दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे उणे २.१ आला होता, या सेंटरमध्ये उणे २.६. म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची) उणे २.५ ची रेषा ओलांडलेली! माझ्या पोटात गोळाच आला. टेक्निशियन ताईंनी आम्हाला बसवून सांगितलं, "काकू, मशीन वेगळं, कंपनी वेगळी. हे दोन आकडे थेट ताडून बघायचे नाहीत. पुढचा स्कॅन याच मशीनवर करा." मग मशीन तपासायचा फँटम दाखवला: ठोकळ्यात बसवलेले कृत्रिम मणके. रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी तो स्कॅन होतो. त्याचा आकडा ठरलेल्या आकड्याच्या दीड टक्का वर-खालच्या पट्ट्याबाहेर गेला, तर मशीन दुरुस्त होईपर्यंत पेशंट घेत नाहीत. आलेखावर महिन्याचे ठिपके ओळीने होते. जिना मात्र फार उभा, आईला दोनदा थांबावं लागलं. तरी पुढच्या वेळी इथेच येणार.